भेगेच्या टोकाचे मॉडेल: मेशपासून भरवशाच्या 'के' आणि 'जे' पर्यंत

भेगेच्या टोकाशी स्ट्रेस किती आला, हा प्रश्न फायनाइट एलिमेंट मॉडेलला (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे 'एलिमेंट', करून गणित सोडवणाऱ्या मॉडेलला) विचारूच नये. लिनिअर इलॅस्टिक गणितात टोकापासूनचे अंतर 'र' धरले, तर स्ट्रेस १/√र या प्रमाणात वाढतो आणि टोकावर अनंत होतो. मेश (एलिमेंटांची जाळी; एलिमेंट जिथे जोडले जातात ते बिंदू म्हणजे नोड) बारीक केली की टोकाचा आकडा वाढणारच. एलिमेंटचा आकार निम्मा केला तर साधारण १.४ पट, पाव केला तर दुप्पट. हा आकडा कधीच स्थिरावत नाही. तरीही रिपोर्टात टोकावरचा लालभडक ठिपका आणि त्याखाली 'कमाल व्हॉन मिझेस' (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) असे छापलेले सर्रास दिसते. त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

अर्थ असतो तो दोन राशींना: स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर 'के' (टोकाजवळचा स्ट्रेस किती तीव्रतेने वाढतो याचे माप) आणि 'जे' इंटिग्रल (भेग वाढताना सुटणाऱ्या ऊर्जेचे माप). दोन्ही चांगल्या मेशवर स्थिरावतात, दोन्हींची मटेरियलच्या टफनेसशी (भेग वाढू न देण्याच्या ताकदीशी) थेट तुलना करता येते. त्या काढताना मात्र अचूकता हवी. फटीग क्रॅकची (वारंवार येणाऱ्या भाराने वाढणाऱ्या भेगेची) वाढ पॅरिसच्या नियमाने (वेग 'के' च्या चढउताराच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात) काढायची असेल आणि घातांक ३ असेल, तर 'के' ५ टक्क्यांनी कमी आला की वाढीचा वेग १४ टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणजे आयुष्य फुगवून सांगितले जाते, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते.

आधी उत्तर माहीत असलेले उदाहरण

नवे सॉफ्टवेअर असो किंवा नवी मेशिंगची पद्धत, ती आधी मध्यभागी आरपार भेग असलेल्या पट्टीवर तपासून घ्यावी. हे उदाहरण पुढे लेखभर वापरले आहे.

पट्टीची पूर्ण रुंदी १०० मिमी, उंची ३०० मिमी. भेगेची पूर्ण लांबी ४० मिमी, म्हणजे अर्धी लांबी अ = २० मिमी आणि अर्धी रुंदी ब = ५० मिमी. वर-खाली १०० एमपीए ताण. ई = २,००,००० एमपीए, पॉइसन रेशो ०.३, प्लेन स्ट्रेन (जाडीच्या दिशेने विकृती नाही असे धरून; जाडीच्या दिशेने स्ट्रेस नाही असे धरले तर ते प्लेन स्ट्रेस). इथे 'ई' म्हणजे मटेरियलचा इलॅस्टिक मॉड्युलस.

के = स्ट्रेस × √(पाय × अ) × भ

इथे 'भ' हा रुंदीचा गुणक: √(सेक(पाय × अ / २ब)) (सेक म्हणजे १/कॉस), आणि त्याला (१ − ०.०२५ × (अ/ब) चा वर्ग + ०.०६ × (अ/ब) चा चौथा घात) ही छोटीशी दुरुस्ती. अ/ब = ०.४ घातल्यावर भ = १.१०९ येतो. म्हणून के = ७९२.७ × १.१०९ = ८७९ एमपीए√मिमी. मीटरमध्ये हेच २७.८ एमपीए√मी. प्लेन स्ट्रेनमध्ये जे = के चा वर्ग × (१ − ०.०९) / ई, म्हणजे ३.५२ न्यूटन प्रति मिमी.

८७९ आणि ३.५२ हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. मॉडेल चुकले की ते कुठे चुकले, हे पुष्कळदा या आकड्यांच्या पटीवरूनच कळते.

लिनिअर इलॅस्टिक चालेल का, हेही इथेच पाहून घ्यावे. यील्ड ५०० एमपीए धरला तर (के / यील्ड) चा वर्ग ३.०९ मिमी येतो. प्लेन स्ट्रेनमध्ये प्लास्टिक झोनची (टोकाजवळच्या कायमच्या विकृतीच्या भागाची) लांबी याला ३ × पाय ने भागून येते तेवढी, म्हणजे साधारण ०.३३ मिमी. २० मिमी भेगेपुढे हे किरकोळ. भेग आणि लिगामेंट (भेगेपुढचा अखंड भाग) या वर्गाच्या किमान २.५ पट हवेत, हा परिचित निकष लावला तर ७.७ मिमी हवेत, आणि भेग २० मिमी व पुढचे लिगामेंट ३० मिमी आहे. चालेल.

पाव मॉडेल आणि बाउंडरी कंडिशन

दोन्ही अक्षांनी सममिती आहे, म्हणून पाव भाग पुरे: आडवे ० ते ५०, उभे ० ते १५० मिमी. डाव्या कडेवर आडवी हालचाल बंद. खालच्या कडेवर ० ते २० मिमी हा भेगेचा पृष्ठभाग, तो पूर्ण मोकळा. २० ते ५० मिमी हे लिगामेंट, तिथे उभी हालचाल बंद. वरच्या कडेवर १०० एमपीए ओढ, म्हणजे ऋण प्रेशर.

सगळ्यात जास्त घोटाळा २० मिमीवरच्या त्या एका नोडवर होतो. टोकाचा नोड लिगामेंटचा असतो, भेगेचा नव्हे. त्याची उभी हालचाल शून्यच हवी. नोड सेट निवडताना 'अंतर २० पेक्षा जास्त' असे लिहिले आणि 'किंवा समान' राहिले, तर टोक उघडते, भेगेचे खरे टोक पुढे सरकते आणि खास एलिमेंट भलत्याच जागी उरतात. उलट बाजूला भेगेवरचा पहिला नोड चुकून बांधला गेला की भेग आखूड होते. सॉल्व्ह झाल्यावर पहिले काम म्हणून टोकाच्या नोडची उभी हालचाल वाचा. नेमके शून्य दिसले पाहिजे, आणि भेगेकडचा लगतचा नोड वर गेलेला दिसला पाहिजे.

पूर्ण मॉडेल केलेत तर धोका वेगळा. भेगेच्या दोन्ही पृष्ठांचे नोड एकाच जागी असतात पण वेगळे असतात. मेश तयार झाल्यावर कोणी सवयीने 'जवळचे नोड एकत्र करा' हा आदेश दिला की भेग गुपचूप शिवली जाते. 'जे' जवळजवळ शून्य आला तर आधी हेच तपासा.

टोकाभोवतीची मेश

टोकाला केंद्र मानून दोन अर्धवर्तुळे काढा: आतले ०.४ मिमी त्रिज्येचे (अ/५०), बाहेरचे ४ मिमीचे (अ/५). कोळ्याच्या जाळ्यासारखी ही मेश आतून बाहेर अशी भरायची.

१८० अंशांत १२ भाग करा, प्रत्येकी १५ अंशांचे. ३० अंशांपर्यंत काम भागते, पण थोडी एलिमेंट वाचवण्यासाठी तिथे कंजुषी करू नये. आतल्या वर्तुळात टोकाला येऊन मिळणारी १२ त्रिकोणी एलिमेंट येतील. आतल्या आणि बाहेरच्या वर्तुळामध्ये त्रिज्येच्या दिशेने १० कडी घ्या आणि बायस रेशो (सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान कड्याच्या जाडीचे गुणोत्तर) ८ ठेवा. म्हणजे प्रत्येक कड्याची त्रिज्या आधीच्याच्या साधारण १.२६ पट होते. १५ अंश म्हणजे ०.२६ रेडियन, त्यामुळे प्रत्येक एलिमेंटची त्रिज्येच्या दिशेची बाजू आणि कंसाची बाजू जवळपास सारखीच राहते. सगळी एलिमेंट चौकोनाच्या जवळ येतात, हा या आकड्यांचा फायदा.

बाहेरच्या वर्तुळापलीकडे २ ते ४ मिमीचे चौकोन पुरेत. तिथे बारीक मेश करून 'के' सुधारत नाही.

एलिमेंट ८ नोडचा, रिड्यूस्ड इंटिग्रेशनचा: अबॅकस सॉफ्टवेअरमध्ये सीपीई८आर. आतल्या कड्याला क्वाड-डॉमिनेटेड (मुख्यतः चौकोनी) आणि स्वीप, बाहेरच्या भागाला क्वाड. अ‍ॅन्सिसच्या जुन्या पद्धतीत केएसकॉन हा आदेश टोकाभोवतीचे पहिले कडे स्वतः बनवतो. त्यात त्रिज्या आणि कोनी भागांची संख्या देता येते.

पाव अंतरावरचा नोड: काय होते आणि का

साध्या ८ नोडच्या एलिमेंटमध्ये मधला नोड बाजूच्या मध्यावर असतो. त्यामुळे अंतर 'र' आणि एलिमेंटचा स्थानिक कोऑर्डिनेट यांचे नाते सरळ रेषेचे असते; हालचालीत र आणि र चा वर्ग एवढीच पदे येतात. स्ट्रेन सरळ रेषेत बदलतो, १/√र त्याला कधीच दाखवता येत नाही. अशा मेशवर 'के' काढता येतो, पण एलिमेंटचा ढीग लागतो.

आता तोच मधला नोड टोकापासून पाव अंतरावर सरकवा. बाजूची लांबी 'ल' असेल तर नोड ०, ल/४ आणि ल वर आले. इंटरपोलेशन घातले की र = ल × (१ + स्थानिक कोऑर्डिनेट) चा वर्ग / ४ असे निघते. म्हणजे स्थानिक कोऑर्डिनेट √र च्या प्रमाणात बदलतो. हालचाल त्याच्या वर्गापर्यंत जाते, म्हणून तिच्यात एक स्थिर पद, एक √र चे पद आणि एक र चे पद मिळते. डेरिव्हेटिव्ह घेतला की स्ट्रेनमध्ये १/√र आणि एक स्थिरांक. टोकाजवळच्या स्ट्रेस फील्डचा जो विस्तार विल्यम्सने १९५७ मध्ये दिला, त्याच्या सुरुवातीच्या पदांना नेमके हेच हवे असते. सॉफ्टवेअरमध्ये नवा एलिमेंट लिहायची गरजच पडली नाही, फक्त एक नोड सरकवायचा. हेनशेल व शॉ यांनी १९७५ मध्ये आणि बार्सूमने १९७६ मध्ये हे दाखवले.

नोड पावापेक्षाही टोकाजवळ गेला तर जेकोबियन (स्थानिक कोऑर्डिनेट आणि खरे अंतर यांचे रूपांतर सांगणारी राशी) एलिमेंटच्या आतच शून्य होऊन ऋण होतो. बरोबर पावावर तो टोकाशी शून्य असतो, आणि आपल्याला तेच हवे असते. म्हणून या १२ एलिमेंटांबद्दल 'डिस्टॉर्टेड' अशी वॉर्निंग आली तर घाबरू नका. बाकीच्यांबद्दल आली तर थांबा.

आणखी तीन बारकावे:

चौकोनाची एक बाजू मिटवून त्रिकोण केला की टोकावर तीन नोड एकाच जागी येतात. इलॅस्टिक गणितात ते एकत्र बांधलेले हवेत, म्हणजे 'सिंगल नोड' हा पर्याय. मोकळे सोडले तर स्ट्रेनमध्ये १/र चे पद घुसते, आणि ते प्लास्टिक गणितासाठीचे आहे.

पावावरचे नोड फक्त टोकाला भिडणाऱ्या बाजूंवर. समोरची बाजू सरळ ठेवा, तिचा मधला नोड मध्यावरच. वर्तुळाच्या कंसावर तो चिकटवला गेला तर आतल्या किरणांवर १/√र हे नाते बिघडते. भूमितीला बांधलेली मेश करणारे प्रीप्रोसेसर हे हमखास करतात.

आतले वर्तुळ फार लहान करणेही फायद्याचे नाही. 'जे' ला त्याने फारसा फरक पडत नाही, पण हालचालींवरून 'के' काढत असाल तर खास एलिमेंटचा इलाका इतका आकसतो की सिंग्युलॅरिटीचा (टोकाशी अनंताकडे जाणाऱ्या स्ट्रेसचा) भार शेजारच्या साध्या एलिमेंटवर जातो.

नोड खरोखर सरकले का, हे पाहायची सोपी खूण आहे. भेगेच्या पृष्ठावर टोकापासून ०.४ मिमीवरच्या नोडची उभी हालचाल आपल्या उदाहरणात साधारण ०.००४० मिमी यावी आणि पावावरच्या, म्हणजे ०.१ मिमीवरच्या नोडची तिच्या जवळपास निम्मी. गुणोत्तर ०.५ ऐवजी ०.७ च्या आसपास दिसले, तर नोड मध्यावरच राहिला आहे. मेश पुन्हा केली की किंवा स्मूदिंग चालवले की तो गुपचूप मध्यावर परत जातो.

'जे' वाचताना

डोमेन इंटिग्रलने ('जे' क्षेत्रफळावर बेरीज करून काढण्याच्या पद्धतीने) ८ कंटूर मागा; कंटूर म्हणजे टोकाभोवतीचे एकेक कडे, आणि प्रत्येक 'जे' चा एक आकडा देते. भेग वाढण्याची दिशा इथे अक्षाच्या दिशेने (१, ०, ०). पाव मॉडेलमध्ये सममितीचा पर्याय चालू करा, नाहीतर भेगेच्या एकाच बाजूची ऊर्जा मोजली जाते.

पहिला कंटूर टाकून द्या, दुसऱ्याकडे संशयाने पाहा. तिसऱ्यापासून पुढचे आकडे एकमेकांच्या १ टक्क्यात हवेत. पुढे पुढे सरळ चढत किंवा उतरत गेले, तर कारणे ठरलेली आहेत: दिशेचा व्हेक्टर चुकला आहे, कंटूर दुसऱ्या टोकाला किंवा कडेला जाऊन भिडला आहे, भेगेच्या आत प्रेशर आहे पण त्याचे पद इंटिग्रलमध्ये धरलेले नाही, किंवा थर्मल स्ट्रेन अथवा रेसिड्युअल स्ट्रेस आहे आणि त्याचा हिशेब सॉफ्टवेअरला सांगितलेला नाही.

पण कंटूर जुळले म्हणजे उत्तर बरोबर, हा समज काढून टाका. मोठ्या चुका कंटूरला दिसतच नाहीत. सगळे कंटूर सारखेच चुकतात. तिथे कागदावरचे दोन आकडे कामाला येतात:

जे = १.७६ आला: पाव मॉडेलमध्ये सममिती सांगायची राहिली.

जे = ७.०३ आला: पूर्ण मॉडेलमध्ये सममिती चालू राहिली.

जे = ३.८६ आला: प्लेन स्ट्रेस एलिमेंट घेतला गेला.

जे बरोबर, पण के = ८३९: 'जे' प्लेन स्ट्रेनचा आणि 'के' कडे नेताना (१ − पॉइसनचा वर्ग) विसरला. ४.६ टक्क्यांची ही चूक डोळ्याला खटकत नाही म्हणून सर्वांत वाईट.

के ३१.६ पट जास्त किंवा कमी: √मिमी आणि √मीटर यांची सरमिसळ.

ताण लादलेल्या अशा समतल उदाहरणात 'के' हा ई वर अवलंबून नसतो. ई दुप्पट करून पुन्हा चालवा: 'जे' निम्मा व्हावा, 'के' जागचा हलू नये. हलला तर रूपांतरात कुठेतरी जुना ई तसाच राहिला आहे. मिनिटभराची तपासणी, पण ती क्वचितच केली जाते.

दुसऱ्या वाटेने पडताळा हवा तर भेगेच्या पृष्ठावरील हालचाली घ्या. पावावरच्या नोडची उभी हालचाल 'व१', टोकापासून 'ल' वरच्या, म्हणजे एलिमेंटच्या पलीकडच्या कोपऱ्याच्या नोडची 'व२' असेल, तर के = (ई′ / ४) × √(२ × पाय / ल) × (४ × व१ − व२). ई′ म्हणजे प्लेन स्ट्रेनमध्ये ई / (१ − ०.०९). या जोडणीत र चे पद आपोआप कटते. 'जे' वरून आलेल्या 'के' शी हे काही टक्क्यांत जुळावे. दोन्ही वेगळ्या वाटांनी येतात, म्हणून जुळणीला वजन आहे.

भार तिरका असेल तर सममिती संपली, पूर्ण मॉडेल करा आणि इंटरॅक्शन इंटिग्रलने मोड एक (भेग उघडणे) व मोड दोन (भेगेची पृष्ठे एकमेकांवर सरकणे) वेगळे काढा. नुसत्या 'जे' वरून दोघांची वाटणी करता येत नाही.

प्लास्टिक झोन मोठा असेल तेव्हा

इथे टोकाची तयारी बदलते. हार्डनिंगचा घातांक 'न' असेल तर एचआरआर फील्डमध्ये (प्लास्टिक मटेरियलमधल्या टोकाजवळच्या गणिती उत्तरात) स्ट्रेन र च्या −न/(न+१) या घाताने वाढतो. न मोठा असला की हे १/र च्या जवळ जाते. त्यासाठी मिटवलेल्या बाजूचे नोड मोकळे ठेवा ('डुप्लिकेट नोड') आणि मधला नोड मध्यावरच राहू द्या. इलॅस्टिक सेटिंग तसेच वापरणे ही इथली नेहमीची चूक.

मोठ्या विकृतीचे गणित करायचे असेल तर अणकुचीदार टोक नको. छोट्या त्रिज्येची खाच घ्या. अंतिम सीटीओडी (भेगेच्या टोकाशी उघडलेले अंतर) खाचेच्या सुरुवातीच्या रुंदीच्या किमान ५ पट झाला पाहिजे, म्हणजे सुरुवातीचा आकार उत्तरातून पुसला जातो. बोथट झालेल्या भागातले कंटूर कमी आकडा देतात, तो दोष मेशचा नाही. लांबचे कंटूर घ्या.

मटेरियलचा तक्ता ट्रू स्ट्रेस आणि प्लास्टिक स्ट्रेनचा असावा आणि लांबपर्यंत जावा. टोकाशी स्ट्रेन सहज तक्त्याबाहेर जातो आणि पुष्कळ सॉफ्टवेअर तिथून पुढे सपाट रेषा धरतात. भार एकाच दिशेने वाढवा. मध्येच उतरवलात तर 'जे' चा आधारच निघून जातो.

त्रिमितीत आणि भेग वाढताना

२० नोडचे ब्लॉक एका बाजूने मिटवून क्रॅक फ्रंटला (त्रिमितीत भेगेचे टोक ज्या रेषेत असते तिला) लावा. एलिमेंटच्या कडा फ्रंटला काटकोनात. फ्रंटवरून 'जे' छापला की कोपऱ्याच्या आणि मधल्या नोडवर आलटून पालटून वरखाली होतो. ती भौतिक गोष्ट नाही, शेजारच्या आकड्यांची सरासरी पाहा. मोकळ्या पृष्ठभागाला फ्रंट जिथे भेटतो तिथे सिंग्युलॅरिटी अर्ध्या घाताची राहत नाही, म्हणून त्या शेवटच्या नोडचा 'के' निर्णयासाठी वापरू नका. आतल्या काही एलिमेंटवरचा घ्या.

भेग पुढे सरकवायची असेल तर वरची सगळी कोळीजाळी दर पावलाला नव्याने बांधावी लागते. एक्सएफईएम (फायनाइट एलिमेंटची विस्तारित पद्धत) त्यातून सोडवते, कारण मेश भेगेच्या रेषेला जुळवावी लागत नाही. पण टोकाजवळ बारीक मेश तरीही लागते. डिलॅमिनेशनसारखी (थर सुटण्यासारखी) वाट ठरलेली असेल तर व्हीसीसीटी (भेग बंद करायला लागणाऱ्या कामावरून ऊर्जा काढण्याची पद्धत) सोपी: टोकाचे बल × मागच्या नोडजोडीतले उघडलेले अंतर / (२ × जाडी × एलिमेंटची लांबी). त्यात टोकाच्या पुढचा आणि मागचा एलिमेंट सारख्याच लांबीचा ठेवा, नाहीतर सूत्राला दुरुस्ती लागते. कोहेसिव्ह एलिमेंट (भेगेच्या वाटेवर बसवलेले, ओढ वाढली की हळूहळू तुटणारे) वापरत असाल तर कोहेसिव्ह झोनच्या (तुटण्याची प्रक्रिया चालू असलेल्या भागाच्या) लांबीत किमान ३ एलिमेंट बसवा. ती लांबी ई × फ्रॅक्चर एनर्जी / कमाल ट्रॅक्शनचा (ते सोसू शकणाऱ्या सर्वांत जास्त ओढीचा) वर्ग या प्रमाणात बदलते, म्हणून मेश जड होते तेव्हा कमाल ट्रॅक्शन थोडा उतरवून झोन लांब करण्याची युक्ती वापरतात. त्यात फ्रॅक्चर एनर्जी तशीच ठेवायची, आणि भेग सुरू होण्याचा भार त्या मॉडेलवरून सांगायचा नाही.